तीन महिन्यांच्या आत

कायदा म्हणतो, तीन महिन्यांच्या आत
मयताच्या मालमत्तेची यादी झाली पाहिजे,
दोन पंचांच्या सह्यांनिशी.

तू फेब्रुवारीत गेलास, बाबा, उणे सत्तावीसमध्ये.
कुह्मोच्या दफनभूमीत दोन दिवस जमीन तापवत ठेवली
तेव्हा कुठे ती खणू दिली.
कपडे तुला आम्हीच चढवले.
रेइनोने कोट. मी बुटांच्या नाड्या.
हात गार पडले होते. तुझे म्हणत नाही, माझे.

मग कागद सुरू झाले.
माणूस पंधराव्या वर्षापासून जिथं जिथं राहिला
तिथल्या तिथल्या चर्चचा दाखला लागतो.
मला वाटलं, एकच येईल.
दाढ काढायलासुद्धा तू गाव सोडलं नाहीस
असं आम्ही सगळ्यांना हसत सांगत आलो.
दोन आले.
कोत्का. १९६१. मार्च ते नोव्हेंबर.
दक्षिणेचं बंदर, इथून दिवसभराच्या वाटेवर.
रेइनोने कागद उलटा करून पाहिला,
मागच्या बाजूला काही लिहिलंय का म्हणून.

मे उजाडला. मुदतीला आठवडा उरला.
पंच म्हणून शेजारचे ओइवा आले
आणि सिल्वी, जिने तीस वर्षं आपलं टपाल आणलं.
मी वेलदोड्याचे पाव भाजले,
आपल्याकडे हिशेबाची वहीसुद्धा
कॉफीशिवाय उघडत नाही.

बर्फावरची गाडी : सहाशे.
बंदूक, पोलिसांत कळवलेली : दोनशे.
डीप फ्रीझर : पन्नास.
"आणि आतलं?" रेइनोने विचारलं.
आत मेणकागदात नऊ मासे,
आणि दलदलीतल्या पिवळ्या बेरींचे डबे,
झाकणांवर तुझ्या हातची सालं.
सगळ्यात तळाचा डबा, आई होती त्या सालचा.
ओइवांनी चष्मा काढून पुसला.
"खायच्या वस्तू धरत नाहीत," म्हणाले.
तसा नियम आहे का, कुणी विचारलं नाही.

कोत्काचा दाखला टेबलावरच होता.
सिल्वीने तो वाचला, पाव बुडवला, आणि म्हणाली,
"तिकडून पत्र एकही नाही.
आलं असतं तर मला ठाऊक असतं."
जणू तुझ्या वतीने साक्षच दिली.

शेवटी होडी.
तळ्याचं बर्फ काठाकाठानं सुटलं होतं, काळं पाणी दिसत होतं.
ताडपत्रीखाली पालथी होडी, पाइनच्या बुंध्याला दोर.
ओइवा वाकले, दोराशी झटले, नखं लावली.
सुरगाठ नाही, निरगाठ नाही.
"ही आपल्याकडची नव्हे," ते म्हणाले.
"तळ्यावर अशी कुणी मारत नाही.
मोठ्या पाण्यावरची दिसते ही."

मी हातमोजा काढला.
एक वेटोळं मागे ढकललं, एक टोक ओढलं,
गाठ हातात उमलल्यासारखी सुटली.

सगळे माझ्याकडे बघत राहिले.
मी सात वर्षांची असताना तू घसरगाडीला मारायला शिकवलीस ती.
मला वाटायचं, गाठ म्हणजे हीच.
मी पोरांचे स्कार्फ तिने बांधले,
कचऱ्याच्या पिशव्या, नाताळची झाडं गाडीच्या टपावर,
आणि फेब्रुवारीत, न बघता, तुझे बूट.

काय केलंस तिथं आठ महिने, मला कळणार नाही.
कुणी शिकवली तुला, कुठल्या धक्क्यावर, कुणाच्या होडीत,
की एखादी बाई होती, उगाच विचारत नाही.
माझ्या बोटांना कोत्का ठाऊक होतं,
एवढंच ते मला सांगायचं राहिलं होतं.

"होडी, डांबर लावलेली," रेइनोने लिहिलं, "शंभर."
ओइवांनी सही केली, सिल्वीने केली.
दोर यादीत नाही.

ते कॉफी संपवायला वर गेले.
मी दोर पुन्हा बुंध्याभोवती घेतला
आणि बांधला.
या वेळी बघून.